राक्षसाचा जीव लकबीत

आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा. पडद्यावरच्या खलनायकाचा जीव कशात असतो? माझं उत्तर ठरलेलं आहे: लकबीत. त्यानं किती खून पाडले, किती जमिनी हडपल्या, हे आपण थिएटरबाहेर येईपर्यंत विसरतो. तो चालताना काय वाजायचं, डोळा कसा बारीक करायचा, कुठल्या सुरात हाक मारायचा, हे मात्र जन्मभर सोबत राहतं.

तात्या विंचूपासूनच सुरुवात करायला हवी. 1993 साली महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला आणि घरोघरच्या पोरांनी कपाटावरच्या बाहुल्यांची तोंडं भिंतीकडे फिरवली. कल्पनेचं बीज 1988 च्या हॉलिवूडपटात, ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये होतं, पण तात्या अस्सल इथला. अर्धं नाव घरातल्या वडीलधाऱ्याचं, अर्धं नांगीचं! त्याला संपवायचं तर गोळी नेमकी दोन भुवयांच्या मध्ये बसायला हवी. म्हणजे पुन्हा आजीचा पोपटच की.

तात्याचा जीव ज्या बाहुल्यात शिरतो, तो साकारला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हे अर्धवटरावांचे जन्मदाते. एकाच घरातल्या एका बाहुल्यानं महाराष्ट्राला पोट धरून हसवलं आणि दुसऱ्यानं पांघरुणात दडायला लावलं! माणसाच्या रूपातला तात्या रंगवला दिलीप प्रभावळकरांनी. पुढे 2006 मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले तेही तेच, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तात्या विंचू आणि महात्मा गांधी एकाच देहात मावतात, हे पाहून मी आजही थक्क होतो.

गब्बरसिंग आधी दिसत नाही, ऐकू येतो. खडकावरून फरफटत जाणारा कमरेचा पट्टा, बुटांची चाल, आणि मग चेहरा. ‘शोले’ प्रदर्शित झाला 15 ऑगस्ट 1975 ला. ही भूमिका आधी डॅनी डेन्झोंग्पाकडे गेली होती, पण तो अफगाणिस्तानात ‘धर्मात्मा’च्या चित्रीकरणात अडकला आणि अमजद खानचं नशीब उघडलं. अमजदचा आवाज डाकूसाठी फार पातळ आहे, अशी कुरबूर तेव्हा झाली होती. तोच आवाज पुढे लग्नाच्या मांडवापासून गणपतीच्या मंडपापर्यंत लाउडस्पीकरवर घुमला. गब्बर इतका लाडका झाला की एका ग्लुकोज बिस्किटाच्या जाहिरातीत थेट तोच झळकला. ज्याचं नाव घेऊन आया पोरांना झोपवतात, त्याच्या हातून पोरांचा खाऊ विकला गेला!

ललिता पवारांचा तो बारीक डोळा मात्र अभिनयातून आलेला नाही, अपघातातून आला. येवल्यात जन्मलेली ही मुलगी मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होती, नायिका होती. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारायची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, तीन वर्षं उपचार चालले, तरी डावा डोळा पूर्ववत झाला नाही. नायिकेची कारकीर्द तिथेच थांबली. दुसरी कुणी घरी बसली असती. ललिताबाईंनी त्याच डोळ्यातून सासू उभी केली, आणि 1987 मध्ये ‘रामायण’ मालिकेतली मंथरासुद्धा! त्या डोळ्यात माया भरली की कशी दिसते, हे पाहायचं तर 1959 चा ‘अनाडी’ पाहा. त्यातल्या मिसेस डिसाला फिल्मफेअर मिळालं.

अमरीश पुरींचा मोगॅम्बो स्वतःचा उल्लेख परक्यासारखा करतो, नाव घेऊन. एवढ्याशा व्याकरणावर 1987 चा ‘मिस्टर इंडिया’ लोकांच्या तोंडी बसला. पडद्यावर असा तोरा मिरवणाऱ्या या माणसानं प्रत्यक्षात कर्मचारी विमा महामंडळात कित्येक वर्षं नोकरी करत नाटकं केली.

अहमदनगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी ‘अर्धसत्य’मध्ये (1983) मला सगळ्यात जास्त घाबरवलं. त्यांचा रामा शेट्टी मोजक्या प्रसंगांत येतो, आवाजही चढवत नाही. समोर ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर रागानं धुमसतोय आणि हा निवांत! ज्याला घाई नाही त्याच्यामागे केवढी सत्ता उभी असेल, हे त्या निवांतपणातून कळतं. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. नंतर ‘सडक’मधल्या (1991) महाराणीनं अमरापूरकरांना फिल्मफेअरचा खलनायकासाठीचा पहिलावहिला पुरस्कार मिळवून दिला.

आणि तेंडुलकरांचीच लेखणी ‘सामना’ला होती. जब्बार पटेलांचा हा चित्रपट 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पोचला. त्यातला हिंदूराव धोंडे पाटील माझ्या मते मराठी पडद्यावरचा सर्वश्रेष्ठ खलनायक. त्याच्याकडे ना गुहा, ना कवटीचा मुखवटा. त्याच्याकडे साखर कारखाना आहे. तो माणसांना कामाला लावतो, पाहुणचार करतो, रस्त्यावर सापडलेल्या दारुड्या मास्तराला घरी आणून त्याची पिण्याची सोय करतो, आणि त्या मास्तरावर त्याचा खरंच जीव जडतो. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर मात्र गायब झालेल्या मारुती कांबळेचं नाव काही सोडत नाही. ते नाव कानावर पडलं की हिंदूराव झालेल्या निळू फुलेंच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा. राग आहेच, शिवाय आपण इतकं केलं तरी हा विचारतोच, याचं दुखणंही आहे. असा हिंदूराव आपल्या तालुक्यात कुणी ना कुणी पाहिलेला असतो, जेवायला बोलावलं तर गेलेलाही असतो. म्हणून तो झोंबतो.

‘एक गाव बारा भानगडी’पासून (1968) निळूभाऊंनी इतके पाटील, सरपंच आणि चेअरमन रंगवले की त्यांचा घोगरा, दबका आवाज आणि तिरपी नजर हीच गावच्या बेरकी सत्तेची ओळख झाली. गावोगावच्या बायका त्यांना खरोखरचा वाईट माणूस समजायच्या. हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला. तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत तो माळीकाम करायचा. महिना पगार 80 रुपये, आणि त्यातले 10 रुपये सेवा दलाला.