जुनी क्रूझ: आई-बाबांना पाठवावं का?

पहिल्या पगारातून आई-बाबांना क्रूझवर पाठवायचंय? मग आधी जहाज तपासा. मुंबईहून 2021 साली सुरू झालेली 'एम्प्रेस' ही मूळची 1990 ची, फ्रान्समध्ये बांधलेली 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी 211 मीटर, ग्रॉस टनेज 48,563. (हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप!) 2024 च्या 'आयकॉन ऑफ द सीज'चं हिच्या पाचपट. म्हणून इथे अजस्र वॉटरपार्क शोधू नका. केबिन छोट्या, बाल्कनीवाल्या कमी. पण चालणं कमी आणि रस्ते पटकन पाठ होतात. बोट लागत असेल तर मधली, खालच्या डेकची केबिन घ्या. जहाज मध्याभोवती डोलतं, टोकं जास्त वर-खाली होतात. थोडक्यात, धमाल जहाजातच हवी असेल तर नवं, मोठं बघा. शांतपणे समुद्र बघायचा असेल तर जुन्यातही पैसे वसूल!