कात्री कापते, पेशी सांधते

शिंप्याच्या हाती कितीही धारदार कात्री असली, तरी कोठे कापावयाचे याची खूण कापडावर आधी खडूने करावी लागते. कॅस-९ नावाच्या विकराचेही तसेच आहे. हल्ला करणाऱ्या विषाणूंचा डीएनए छाटण्यासाठी काही जिवाणू हे विकर बाळगतात. जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पाँतिए या विदुषींनी सहकाऱ्यांसह १९१२ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१२ साली दाखवून दिले की, या कात्रीस मनुष्यालाही हवी ती खूण देता येते. ही खूण म्हणजे आरएनएचा लहानसा धागा. त्याची वीस अक्षरे डीएनएच्या ज्या भागाशी जुळतात, तेथे विकर डीएनएचे दोन्ही धागे कापते. २०२० साली उभयतांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु कात्री केवळ कापते. सांधण्याचे काम पेशी स्वतःच करते. सांधताना एखादे अक्षर गळते वा अधिक पडते, आणि तो भाग निकामी होतो.

हे निकामी होणेही कधी उपकारक ठरते. विदर्भातील व नंदुरबारकडील अनेक कुटुंबांस सिकलसेलचे दुःख ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या फरकाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोगी वेदनांनी तळमळतो. गर्भातील बालकाचे हिमोग्लोबिन निराळे असते. जन्मानंतर ते जवळजवळ बंद होते. 'कॅसजेव्ही' या उपचारात रोग्याच्या मूलपेशी बाहेर काढून, ते बंद ठेवणारी कळच कापतात व पेशी पुन्हा शरीरात सोडतात. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेने त्यास मान्यता दिली. मात्र त्यापूर्वी तीव्र औषधांनी जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत उपचाराची किंमत बावीस लक्ष डॉलर ठेवण्यात आली. गरिबाने एवढे द्रव्य कोठून आणावे?

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. कात्री कधी कधी मिळत्याजुळत्या, पण भलत्याच जागीही चालते. रोग्याच्या रक्तपेशींत झालेला बदल त्याच्याबरोबर संपतो. गर्भबीजातील बदल मात्र पिढ्यान्‌पिढ्या उतरू शकतो. २०१८ साली चीनमध्ये हे च्यानक्वे यांनी असे बदललेले गर्भ वाढविले व जुळ्या मुली जन्मास आल्या. पुढच्याच वर्षी न्यायालयाने त्यांस तीन वर्षांची कैद फर्मावली. रोगी आपली संमती देऊ शकतो. जे अद्याप जन्मलेच नाहीत, त्यांची संमती कोण घेणार? म्हणून कात्री चालविण्यापूर्वी खडूची खूण कोणाच्या अंगावर पडत आहे, हे नीट पाहिले पाहिजे.