कोठुऱ्याच्या दादांची परंपरा

ओझर म्हटले की लोकांना विमाने आठवतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली येथे आला. त्यानंतर मिग आणि पुढे सुखोई यांच्या नावांबरोबर ओझरचे नाव देशभर पोचले. याच निफाड तालुक्यात कोठुरे नावाचे गाव आहे. मल्लखांबाच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे असूनही तालुक्याबाहेर त्याचे नाव क्वचितच कुणी घेते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधर या गावचे. आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो त्याची घडी बसवली ती त्यांनी.

मल्लखांबाचा उल्लेख त्याआधीही सापडतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांनी खांबावर करायच्या व्यायामाची नोंद आहे. त्यानंतर शतकानुशतके या विद्येचा माग लागत नाही. ती पुन्हा दिसते ती बाजीरावाच्या दरबारात. परंपरा सांगते की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिले. कुणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. मग ते वणीच्या सप्तशृंगीच्या चरणी गेले. तिथे झाडांवर खेळणाऱ्या वानरांच्या उड्या आणि पकडी पाहून त्यांना खांबावरच्या मेहनतीची दृष्टी मिळाली. परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली. या कथेतला इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे ठरवण्याची मला घाई नाही. नाशिक जिल्ह्यातला एक मुलगा आपल्याच जिल्ह्यातल्या देवीच्या डोंगरावर जातो आणि तिथून एक विद्या घेऊन येतो, एवढे या कथेने जपून ठेवले आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीरावाला ब्रह्मावर्ताला जावे लागले. दादाही त्याच्यामागून उत्तरेत गेले. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी यांनी त्यांच्या आखाड्यात मेहनत केल्याचे सांगतात. काशीत ही विद्या रुजवण्यात त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव घेतले जाते. पुढे दामोदरगुरू मोघ्यांसारख्यांनी ती परंपरा चालवली. मराठी मुलखातली विद्या राज्य गेल्यावर गंगेकाठी वाढली आणि तिथून पुन्हा देशभर पसरली.

या गुरूंची नावे खेळात कशी उरली हे पाहताना फिगर स्केटिंगची आठवण होते, कारण गुणांवर ठरणारा आणि तोल, ताकद व लय यांवर उभा असलेला तोही एक खेळ आहे. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसेनने १८८२ साली व्हिएन्नात जी उडी मारली तिला आजही अ‍ॅक्सेल म्हणतात. स्वीडनच्या उलरिख साल्कोने १९०९ साली मारलेली उडी साल्को झाली. सराव करणारे प्रत्येक पोर नकळत त्यांचे नाव घेते. शिवाय अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्जला या खेळातल्या थोरांसाठी १९७६ पासून स्वतंत्र सन्मानदालन आहे. मल्लखांबात दसरंग आहे, फरारा आहे, बगली, ताजवा, सुईदोरा आणि वेल आहेत. गुरूचे नाव लावलेली कसरत मात्र नाही. आपल्या थोरांचा सन्मान झाला तो शिष्यांच्या अंगातून, म्हणजे हातापायांच्या तिढीतून. म्हणूनच आखाड्याबाहेरच्या माणसाला तो दिसला नाही.

ही विद्या कागदावर आणण्याचे श्रेय बडोद्याचे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’च्या दहा खंडांत देशी व्यायामप्रकारांना मानाचे स्थान मिळाले. त्याच शहरात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादांच्या नावाने चालवलेल्या व्यायाममंदिराने पिढ्या घडवल्या. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत मल्लखांबही होता. विदर्भातल्या एका संस्थेने पारतंत्र्यात हे करून दाखवले, याची योग्य ती दखल आपल्या क्रीडा-इतिहासाने घेतलेली नाही असे माझे मत आहे.

आज स्पर्धेत मुख्यतः तीन प्रकार दिसतात. जमिनीत पुरलेला खांब सागवानी किंवा शिसवी असतो. तो जमिनीवर सुमारे अडीच मीटर उभा असतो आणि वर निमुळता होत मान आणि बोंडापर्यंत जातो. त्याला एरंडेल लावलेले असते. टांगता खांब आखूड असतो आणि साखळीला लटकत फिरतो, त्यामुळे पकड सुटली की सावरायला आधार नाही. तिसरा दोरीचा. पूर्वी वेतावर करत असत, पण चांगला वेत मिळेनासा झाला आणि सुती दोर आला. या दोरीने मुलींना खेळाचे दार उघडले आणि आज महाराष्ट्राच्या मुली त्यावर देशात आघाडीवर असतात.

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना १९२५ सालची. तिथे उदय देशपांडे यांनी आयुष्य घातले. परदेशातून आलेल्यांना शिकवले, दृष्टिहीन मुलांना दोरीवर चढवले. दिसत नसताना पायाच्या अंगठ्याच्या पकडीने दोरी ओळखायची, पुढची तिढी मनात बांधायची आणि शरीर सैल सोडायचे हे ज्या शिक्षकाला शिकवता येते त्याच्याजवळ शास्त्र आणि माया दोन्ही असली पाहिजेत. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच झाली आणि पंधरा देशांचे खेळाडू आले. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

सरकारी सन्मानांचा काळ असा अगदी अलीकडचा आहे. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यखेळ केले. उज्जैनचे योगेश मालवीय २०२० सालचे द्रोणाचार्य ठरले. मुंबईची हिमानी परब २०२१ साली आणि सागर ओव्हाळकर २०२२ साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. २०२३ साली गणेश देवरुखकरांना द्रोणाचार्य मिळाला. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिले जात आहेत हे लक्षात घेतले, तर साठ वर्षांत ज्यांचे खेळायचे वय सरून गेले त्या मुलामुलींचा हिशेब कुणी करायचा? त्यांतले कित्येक आज संध्याकाळी व्यायामशाळेत विनामोबदला शिकवत आहेत.

नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी खांब आजही घासला जातो. पण निफाड तालुक्याला दादांचे वारसदार म्हणवून घ्यायचे असेल तर काम शाळांतून करावे लागेल. खांबाला जागा थोडी लागते, खर्चही फार नाही. अडते ते शिकवणाऱ्यापाशी. शासनाच्या क्रीडाशिक्षक भरतीत मल्लखांब जाणणाऱ्यांना थेट स्थान द्यावे, ओझरच्या कारखान्याने आपल्या सामाजिक निधीतून कोठुरे आणि आसपासच्या गावांत एकेका पगारी प्रशिक्षकाची सोय करावी आणि जिल्हा परिषदेने पुरलेला, टांगता व दोरीचा असे तिन्ही प्रकार निदान एका केंद्रशाळेत उभे करावेत, इतके मी मागतो.