शिकाऊ लोहारांचा बाजार

रून धातूचं छातीचं एक चिलखत घडवायला पाच लगडी लागतात. एका लगडीमागे रूनाइट खनिजाचा एक दगड आणि आठ कोळसे. म्हणजे एका चिलखतापोटी पाच दगड आणि चाळीस कोळसे. शिवाय लोहारकामाची ९९वी, म्हणजे शेवटची पातळी गाठल्याशिवाय हे चिलखत घडवताच येत नाही. एवढा खटाटोप करून हाती आलेलं हे निळसर, देखणं चिलखत पुष्कळ लोक अंगात घालतही नाहीत. ते एक मंत्र टाकतात, चिलखत नाहीसं होतं आणि थैलीत ३९,००० नाणी पडतात.

हा ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ नावाचा ऑनलाइन खेळ. मूळ रूनस्केप २००१चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. त्याचा जुना अवतार २०१३मध्ये वेगळा सुरू झाला आणि २०१८पासून तो मोबाइलवरही आला. म्हणजे नंदुरबारच्या बसस्थानकावर शहाद्याच्या गाडीची वाट बघणारं पोरगंही आता यात लोहार होऊ शकतं. खेळात राक्षस आहेत, ड्रॅगन आहेत, मारामाऱ्या तर आहेतच. पण मला विचाराल तर खरी जादू बाजारात आहे.

ती ३९,००० नाणी आली कुठून? कुठूनच नाही. ती कोणाच्या खिशातून गेली नाहीत, कुठल्या तिजोरीतून निघाली नाहीत. मंत्राचा नियम असा, की वस्तूची जी किंमत खेळात ठरवून ठेवली आहे तिच्या ६० टक्के नाणी त्याच क्षणी जन्माला येतात. चिलखताची ठरीव किंमत ६५,०००, त्याचे ६० टक्के ३९,०००. मंत्राला खर्च म्हणजे एक ‘नेचर रून’ आणि पाच ‘फायर रून’ हे जादूचे खडे. अग्नीची काठी हातात धरली तर त्या पाचांचा खर्चही वाचतो.

आता याचा परिणाम बघा. बाजारात चिलखताचा भाव ३९,०००मधून रूनचा खर्च वजा जाता उरेल त्याच्या फार खाली जाऊच शकत नाही. गेला, की कोणीतरी भराभर खरेदी करून त्यांची नाणी करून टाकतो. हा हमीभावच झाला, आणि तोही कसा, तर खरेदी केंद्र कधी बंद न होणारा, बारदान कधी न संपणारा! हा आधार साखळीतून मागे मागे झिरपत जातो. चिलखताला हमी म्हणून लगडीला भाव, लगडीला भाव म्हणून दगडाला, आणि दगडाला भाव म्हणून कुणीतरी रूनाइटच्या खडकाशेजारी कुदळ घेऊन उभा. खणलेला खडक बारा मिनिटांत पुन्हा भरतो.

मंत्राला तीन सेकंद लागतात. तासाला १,२०० मंत्र. समजा एका वस्तूमागे २०० नाणी सुटली, तर तासाला २,४०,०००. पण हाच हिशोब हजारो लोक मांडत असतात, त्यामुळे फट दिसली रे दिसली की ती बुजते. त्यात ग्रँड एक्स्चेंज नावाच्या मध्यवर्ती बाजारात प्रत्येक वस्तूचे चार तासांत ठरावीकच नग विकत घेता येतात. एकट्यानं सगळा माल उचलायची सोय नाही.

पण मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. या बाजारात तयार माल कित्येकदा कच्च्या मालापेक्षा स्वस्त मिळतो. लगड महाग आणि त्याच लगडींची घडवलेली तलवार स्वस्त. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही हेच दिसतं, इतर डझनभर खेळांतही.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर हे कोणाला सांगून पटायचं नाही. तिथे ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती घेतात, शहराभोवतीच्या मोकळ्या रानात पसरतात. ऊन खाऊन तिचं वजन उतरतं, मजूर देठ खुडतात, आणि मग ती वाळकी मिरची पुढे जाते. वाळकीच्या भावातून उतरलेलं वजन, मजुरी आणि मधेच आलेल्या अवकाळीची धास्ती, हे सगळं वसूल व्हावं लागतं. वाळवण्यात आपला हात बसावा म्हणून कोणी मिरची तोट्यात वाळवत नाही.

खेळात मात्र नेमकं हेच करतात. लोहारकामाच्या पहिल्या पातळीपासून ९९व्या पातळीपर्यंत जायला १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात, आणि चढण इतकी उभी की ९२व्या पातळीला पोचलात तेव्हा कुठे अर्धी वाट संपते. एका रून चिलखतानं मिळतात ३७५ गुण, आणि खालच्या पातळ्यांवर साध्या धातूंच्या वस्तूंना तर त्याहून कितीतरी कमी. मग शिकाऊ लोहार काय करतो? कोणाला नको असलेल्या त्याच त्याच वस्तू हजारांनी ठोकतो. त्याला वस्तू नकोच असते, गुण हवे असतात. वस्तू म्हणजे लाकूड रंधताना पडलेला भुसा, येईल त्या भावाला झटकायचा. लगड आणि तलवार यांच्या भावातली तूट ही त्याच्या शिक्षणाची फी असते, आणि ती तो खुशीनं भरतो.

मग कारागिरीतून कमावतं कोण? ज्या पायरीवर काहीच शिकायला मिळत नाही, तिथला माणूस.

ड्रॅगनचं कातडं घ्या. ते कमावल्याशिवाय त्याचे कपडे शिवता येत नाहीत. अल खारिद नावाच्या वाळवंटी गावात एक चर्मकार बसलेला असतो. कातडं त्याच्याकडे न्यायचं, नगामागे २० नाणी द्यायची, कमावलेलं चामडं घेऊन यायचं. या हेलपाट्यांत अनुभवाचा एकही गुण मिळत नाही. ज्याला शिवणकामाची पातळी वाढवायची आहे, त्याला म्हणूनच हे काम नकोसं होतं आणि तो तयार चामड्याला चार पैसे जास्त मोजतो. ते चार पैसे हेलपाटे घालणाऱ्याचे. अशा कितीतरी कंटाळवाण्या मधल्या पायऱ्यांवर हाच हिशोब चालतो. शेवटच्या चमकदार वस्तूवर सगळ्यांची झुंबड, आणि पैसा मधल्या रटाळ पायरीवर! हा नियम कोणी बसून लिहिलेला नाही. लाखो लोकांच्या आळसातून आणि घाईतून तो आपोआप उगवला.

असा बाजार जमवणं सोपं नव्हतं. १९९७मध्ये अल्टिमा ऑनलाइन हा खेळ सुरू झाला तेव्हा घडवणाऱ्यांनी मोठ्या हौसेनं एक बंद जग रचलं होतं. जगातलं एकूण साहित्य ठरलेलं, वस्तू मोडली की तेवढंच साहित्य निसर्गात परत. कागदावर सुंदर. पण माणसांनी वस्तू मोडल्याच नाहीत, साठवल्या. घरं आणि पेट्या भरत गेल्या आणि बाहेर नवं काही उगवेना. शेवटी ती कल्पना सोडून द्यावी लागली. तरी त्या खेळातला एक तपशील मला फार आवडतो. पट्टीचा कारागीर आपल्या उत्तम वस्तूवर स्वतःचं नाव कोरू शकायचा.

साठेबाजीवरचा सगळ्यात जालीम उपाय आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ईव्ह ऑनलाइनमध्ये सापडतो. २००३पासून चाललेल्या या खेळात जवळपास सगळी अंतराळयानं खेळाडूच बांधतात. लघुग्रह खणायचे, खनिज गाळायचं, आराखडा मिळवायचा, यान उभारायचं. सगळ्यात मोठ्या ‘टायटन’ यानाला आठवडेच्या आठवडे जातात. आणि यान युद्धात फुटलं की गेलं, कायमचं. कंपनीनं २००७मध्ये या अर्थव्यवस्थेवर नजर ठेवायला चक्क एक अर्थतज्ज्ञ नोकरीला घेतला, एयोल्फुर ग्वुडमुंडसन. जानेवारी २०१४मध्ये एका सूर्यमालेच्या ताब्याचं भाडं भरायचं राहून गेलं आणि त्यावरून लढाई पेटली. ती सुमारे २१ तास चालली. तीत ७,५००हून अधिक लोक उतरले आणि ७५ टायटन भस्मसात झाले. त्या नुकसानीची किंमत खऱ्या पैशांत मांडली तेव्हा अंदाज तीन लाख डॉलरच्या घरात गेला. दुसऱ्या दिवसापासून बदली यानं बांधायची होती. खाणवाल्यांची चांदी झाली, हे वेगळं सांगायला नको.

रूनस्केपनं याहून शांत वाट धरली. डिसेंबर २०२१मध्ये ग्रँड एक्स्चेंजच्या विक्रीवर सुरुवातीला एक टक्का कर बसला. या कराची बरीचशी नाणी नष्टच होतात. उरलेल्या काही भागातून कंपनी बाजारातून वस्तू विकत घेते आणि पुसून टाकते. लोकांकडून कर घ्यायचा, त्यातून माल घ्यायचा आणि तो जाळून भाव सावरायचे! असं सरकार बघायचं तर खेळातच बघावं.

या नाण्यांना किंमत आहे का, असं कोणी विचारेलच. २००१मध्ये एडवर्ड कास्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं एव्हरक्वेस्ट या खेळातल्या वस्तूंचे बाहेर चालणारे सौदे तपासले आणि तिथल्या श्रमाची मजुरी तासाला ३.४२ डॉलर काढली. दरडोई उत्पन्नात ते काल्पनिक जग रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध बसत होतं. खेळाडूही तासाचा हिशोब फार कडक ठेवतात. कुठलंही काम निवडताना पहिला प्रश्न, तासाला किती? सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे आमचूर करताना कैरी सोलायला, चिरायला, वाळवायला अख्खं घर बसतं. त्या तासांची मजुरी घरातलं कोणी मांडत नाही. मोबाइलवरचा लोहार मात्र तीन सेकंदांचाही हिशोब लावतो. गंमत म्हणजे त्याच्या खडकाला हंगाम नाही आणि त्याच्या चामड्यावर वळवाचा पाऊसही पडत नाही.

खेळातली नाणी रुपयांना विकायला जॅगेक्सची बंदी आहे. पकडलं गेलं तर खातं बंद. पण सरळ मार्गानं एक दार उघडं आहे. कोणी हौशी खेळाडू खरे पैसे देऊन ‘बाँड’ घेतो आणि बाजारात नाण्यांना विकतो. तो घेणाऱ्याला एरवी पैसे भरून मिळणारं खेळाचं १४ दिवसांचं सभासदत्व फुकट पडतं. म्हणजे अल खारिदच्या पुरेशा फेऱ्या मारल्या, की पुढचा पंधरवडा खिशाला हात न लावता ड्रॅगनची कातडी कमवायला मोकळे.