ड्रम फिरतो आहे तोवर

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 च्या अखेरीस व्हीसीआर बनवणे थांबवले. त्या वेळी हे यंत्र बनवणारी ती शेवटची नामांकित कंपनी होती. आदल्या वर्षी तिने साडेसात लाख यंत्रे विकली होती. मागणी घटली होती हे खरे, पण सुटे भाग मिळेनासे झाले हेही तितकेच मोठे कारण होते. त्यानंतर जगात जो व्हीसीआर चालतो तो जुना, दुरुस्त केलेला आणि एकेक दिवस झिजत चाललेला. घराघरांतल्या माळ्यांवर पडलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेटींचे भवितव्य या यंत्राशी बांधलेले आहे. कॅसेट कितीही जपली तरी ती वाचणारे यंत्र नसेल तर हाती उरते ती काळी फीत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत ही निकड मला अधिक तीव्र वाटते, कारण इथली बहुतेक माणसे कुठून तरी आलेली आहेत. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे पत्त्यांत आजही आहेत. अंबरनाथला दारूगोळा कारखान्याने आणि विमकोच्या आगपेट्यांनी कामगार आणले. बदलापुरात गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतली कुटुंबे आली. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस फिरले आणि मुंबईत परवडेनासे झाले, तसे अनेकांनी मध्य रेल्वेच्या या टोकाला घर घेतले. कोकणातून गिरणीत आणि गिरणीच्या खोलीतून बदलापूरच्या वन रूम किचनमध्ये, असा दोन पिढ्यांचा प्रवास.

अशा कुटुंबांकडे जुने वाडे नसतात, वंशावळीच्या वह्या क्वचितच असतात. सिंधमधून निघताना तर अनेकांना अंगावरच्या कपड्यांनिशी निघावे लागले. 1947 साली जो पंचविशीत होता तो 1987 साली पासष्टीला पोचला होता, आणि नेमक्या त्याच सुमारास लग्नाचे व्हिडीओ शूटिंग मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. शिकारपूर, लारकाना, हैदराबाद सिंध इथे जन्मलेली, तिथल्या बोलीत बोलणारी, तिथली लाडे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी ती पिढी नातवंडांच्या लग्नात पहिल्या रांगेत बसलेली आहे. फाळणी पाहिलेल्यांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे काम ‘1947 पार्टिशन अर्काइव्ह’ या संस्थेने संघटितपणे हाती घेतले ते 2010 नंतर. तोवर ती पिढी विरळ झाली होती. तिला हलताना-बोलताना पाहण्याची संधी ज्या कॅसेटींत उरली आहे, त्या लोकांच्या घरात आहेत, कोणत्याही संग्रहालयात नाहीत.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1982 मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि पाठोपाठ व्हीसीआर पसरला. जेव्हीसीने व्हीएचएस पद्धत जपानमध्ये 1976 साली बाजारात आणली होती; सोनीची बीटामॅक्स त्याआधी वर्षभर आली होती, पण आपल्याकडे घरोघरी रुजली ती व्हीएचएस. विकत घेणे थोड्यांनाच जमे. बाकीचे एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे भाड्याने आणत आणि सबंध मजला पहाटेपर्यंत जागा राही. मग खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला मांडवात दिसू लागला. त्याच्यामागे वायर सांभाळणारा पोऱ्या, हातात उंच धरलेला हॅलोजनचा दिवा, आणि त्या उजेडात डोळे मिचकावत जेवणारी माणसे.

आता यंत्राकडे वळू, कारण त्याची करामत कळली की कॅसेट इतकी नाजूक का हे आपोआप कळते. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे 258 मीटर असते. कॅसेट आत गेली की झडप उचलली जाते, दोन खुंट्या फीत बाहेर ओढतात आणि ती एका चकचकीत ड्रमभोवती गुंडाळली जाते. हा ड्रम 62 मिलिमीटर व्यासाचा, किंचित कललेला, आणि भारतातल्या पाल पद्धतीत मिनिटाला 1500 फेऱ्या घेणारा. फीत मात्र सेकंदाला जेमतेम 2.3 सेंटिमीटर सरकते. ड्रमच्या दोन बाजूंना बसवलेली दोन बारीक हेड फितीवरून तिरक्या रेषा ओढत जातात. एका रेषेत अर्धे चित्र, दोन रेषांत पूर्ण चित्र, सेकंदाला 25 चित्रे. एकेक रेषा 49 मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहूनही बारीक. फितीच्या एका कडेला आवाज आणि दुसऱ्या कडेला यंत्राला ताल देणारा नियंत्रणाचा माग.

ज्याने हे पाहिले आहे त्याला ट्रॅकिंगचे बटण काय करते ते सांगावे लागत नाही. रेषा एका यंत्राने ओढलेल्या आणि वाचणारे यंत्र दुसरे. त्या दोघांच्या मापात थोडा फरक असतोच. बटण फिरवून हेडला त्याच रेषेवर आणायचे. पडद्यावर मुंग्या आल्या की हेड मळले असावे, चित्राचा वरचा भाग कलंडला की फितीचा ताण बिघडला असावा, खालून वर पट्टा सरकत राहिला की ट्रॅकिंग. दुरुस्ती करणाऱ्या जुन्या माणसाला पडद्याकडे पाहूनच रोग कळतो. हे ज्ञान पुस्तकात फारसे उतरलेले नाही. ते हातात आहे आणि ते हात आता साठीच्या पुढचे आहेत.

इथल्या हवेत कॅसेटचा पहिला शत्रू बुरशी. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल, आणि कॅसेट ठेवलेली असते बाथरूमवरच्या माळ्यावर किंवा पत्र्याखालच्या ट्रंकेत. कॅसेटच्या खिडकीतून पाहिले की फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुरी दिसते. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालणे ही सगळ्यांत महाग पडणारी घाई. बुरशी हेडवर बसते, फीत ओरखडते, आणि त्या यंत्रात नंतर जाणाऱ्या प्रत्येक चांगल्या कॅसेटलाही लागते. जाणकार माणूस आधी तोंडाला मास्क लावतो, कॅसेटचे पाच स्क्रू काढतो, फीत सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे फिरवत कोरड्या मऊ कापडाने पुसतो आणि गरज पडली तर दोन्ही चकत्या दुसऱ्या, स्वच्छ डबीत बसवतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, तेही शॅमॉय कातड्याने आणि ड्रमच्या फिरण्याच्या दिशेनेच. कापसाची काडी वरखाली घासली तर हेडचे टोक मोडते, आणि नवे हेड आता सहजी मिळत नाही.

दुसरा शत्रू पूर. 26 जुलै 2005 ची रात्र उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठचे कोणी विसरलेले नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या दिवशी गावातल्या तळमजल्यांचेही हाल झालेच. भिजलेली कॅसेट बहुतेक लोक चिखलासकट फेकून देतात. ते करू नये, हे मला कळकळीने सांगायचे आहे. फितीवरचा चुंबकीय ठसा पाण्याने पुसला जात नाही. डबी उघडून फीत थंड डिस्टिल्ड पाण्याने हळुवार धुवायची आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, फ्रीजरमध्ये तर मुळीच नाही. आणि पूर्ण वाळल्याशिवाय कुठल्याही यंत्रात घालायची नाही. हे काम जमणाऱ्याकडेच द्यावे, पण देण्याजोगे काहीतरी शिल्लक आहे एवढे लक्षात ठेवावे.

कॅसेट ठीक झाली की मग डिजिटल. इथे कुठलाही छोटा रस्ता नाही: तीन तासांची कॅसेट तीनच तासांत उतरते, आणि त्या वेळात कुणीतरी पडद्यासमोर असावे लागते, कारण फीत अडकली तर पुढच्या क्षणाला यंत्र थांबवायचे असते. जुन्या फितीतून येणारा संकेत डळमळता असतो. त्याचा ताल सुधारणारे टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण मधे नसेल तर संगणक फ्रेम गाळतो आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे असा प्रकार होतो. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेल्या कॅसेटी एनटीएससी पद्धतीच्या असतात, त्यांना मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो. परदेशी पांगलेल्या सिंधी आणि मराठी घरांत अशा कॅसेटी हमखास निघतात. काही उत्साही तंत्रज्ञांनी हेडमधून येणारा मूळ संकेतच थेट नोंदवून पुढचे सगळे काम संगणकावर करणारी ‘व्हीएचएस-डीकोड’ ही मुक्त प्रणाली बनवली आहे. पण तिलाही फिरता ड्रम लागतोच.

दुकानात दिल्यावर लोक बहुधा एवढेच विचारतात की पेनड्राइव्हमध्ये मिळेल ना. मी म्हणेन, दोन फाइली मागा. एक मोबाइलवर पाहायला, छोटी, एमपी4. दुसरी जपून ठेवायला, कमीत कमी दाबलेली. डीव्ही प्रकारात तासाला सुमारे 13 जीबी लागतात, आणि काहीच न गमावता साठवणारा एफएफव्ही1 प्रकार त्याहून जागा खातो. आजच्या हार्ड डिस्कला हा भार नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून घेतल्या त्यांनी स्वस्थ बसू नये. घरी लिहिलेल्या डीव्हीडीही आता वाचताना अडखळतात, आणि त्यावरचे चित्र आधीच बरेच दाबलेले असते. अशांनी मूळ कॅसेट अजून टाकली नसेल तर तीच पुन्हा उतरवून घ्यावी, आणि उतरवल्यानंतरही ठेवून द्यावी.

आवाजाबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचे आहे. आपल्या लग्नाच्या कॅसेटींत शूटिंगवाल्याने मिक्सिंग करताना सिनेमाची गाणी टाकली, वधूवरांभोवती बदामाचे आकार फिरवले, आणि खालचा मांडवातला आवाज बहुतेक ठिकाणी पुसून टाकला. म्हणून संपादित कॅसेटहून कच्ची कॅसेट मोलाची. घरच्या कोणी काढलेले वाढदिवस, अंगणातला गणपती, चेटीचंडची मिरवणूक, अंबरनाथच्या शिवमंदिरातली महाशिवरात्रीची जत्रा, यांत गाणी नसतात. तिथे आजी कुणाला तरी हाक मारते, कुणी मागून ओरडते, कुकरची शिट्टी होते. व्हीएचएसचे चित्र जेमतेम 240 रेषांचे, मोठ्या टीव्हीवर ते धूसरच दिसणार; आवाज मात्र आजही ओळखू येतो. कुठली कॅसेट आधी उतरवायची असा प्रश्न आला तर ज्यात घरातले वडीलधारे बोलताहेत ती आधी.

भारतीय सिनेमाचा आरंभही अशाच घरांमुळे आपल्या हाती राहिला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झाले. तिथल्या पी. के. नायर यांनी दादासाहेब फाळके यांच्या कुटुंबीयांकडे उरलेली रिळे मिळवली, म्हणून ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. संग्रहालयाने फाळक्यांची रिळे शोधली. कॅम्प चारमधल्या एखाद्या लग्नाची कॅसेट शोधत कुणी येणार नाही. ते काम त्या घरानेच करायचे आहे.

आणि फाइल तयार झाल्यावर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ती पाहायची. थांबवत थांबवत विचारायचे: आजी, ही कोण? ही आपल्याकडची का मुलाकडची? हे घर कुठले, हा मांडव कुणाच्या दारात? उत्तरे मोबाइलवर नोंदवून त्याच फोल्डरमध्ये ठेवायची, फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि गाव लिहायचे. तीन प्रती करायच्या: एक घरी, एक ऑनलाइन, आणि एक हार्ड डिस्क पुण्याच्या मावशीकडे किंवा नाशिकच्या काकांकडे, जिथे उल्हास आणि वालधुनीचे पाणी पोचत नाही.