‘गूळ चालतो’ : मधुमेहातील सर्वांत चिवट गैरसमज

मधुमेह झाला की साखर बंद करावी आणि तिच्या जागी गूळ वापरावा, हा सल्ला नवी मुंबईतील कामोठ्यात डॉक्टरांच्या शब्दाइतक्याच विश्वासाने दिला जातो आणि पाळलाही जातो. मूळच्या आगरी वस्तीभोवती सिडको या नगरविकास महामंडळाने वसवलेल्या या उपनगरात कोकणातून, तसेच सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे एका घरी तांदळाची भाकरी आणि मासळी, तर लागूनच्या घरी ज्वारीची भाकरी आणि गावाहून आलेली गुळाची ढेप दिसते. गुळाला दिलेली सूट मात्र दोन्हीकडे सारखीच असते. गुळाच्या चहाच्या दुकानांनी या समजाला बळ दिले आहे, कारण साखरेच्या चहाचा एक कप टाळणारा माणूस तेथे निर्धास्तपणे दोन कप घेतो. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ उत्तम पदार्थ आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मधुमेहींना तो निरुपद्रवी असल्याचे सांगण्याबद्दल.

साखर आणि गूळ दोन्ही एकाच उसाच्या रसातून तयार होतात आणि दोहोंतील मुख्य घटक सुक्रोज हाच असतो. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज, तर गुळात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोज, काही प्रमाणात मोकळे ग्लुकोज व फ्रुक्टोज, थोडे पाणी आणि अल्प खनिजे असतात. लहान आतड्यातील सुक्रेज हे विकर, म्हणजे पचनक्रिया घडवणारे प्रथिन, सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते आणि ग्लुकोज रक्तात उतरते. ते सुक्रोज पांढऱ्या दाण्यातून आले की तांबूस खड्यातून, याने या क्रियेत काहीही फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अन्नात वरून मिसळलेल्या साखरांचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, ठेवण्याची शिफारस केली. दर कपात १० ग्रॅम गूळ घातलेला चहा तीन वेळा घेतला, तर निरोगी माणसासाठी आखलेली ही मर्यादाही केवळ चहानेच जवळजवळ भरते.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की गुळात लोह असते. ते असते, पण किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कपभर चहातील गुळातून फार तर मिलिग्रॅमभर लोह मिळते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सुचवलेले प्रमाण दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे. शिवाय चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, त्यामुळे लोहासाठी गुळाचा चहा पिणे हा युक्तिवाद मुळातच टिकत नाही.

दुसरा प्रतिवाद आयुर्वेदाचा, आणि तो करणाऱ्यांनी निदान ग्रंथ उघडून पाहायला हवा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील प्रमेहाच्या अध्यायात, ज्या व्याधिसमूहात मधुमेहाचा समावेश होतो त्याची कारणे देताना, बैठे आयुष्य, अतिझोप, दही, दूध आणि नवे धान्य यांच्या सोबत गुळाचे पदार्थही स्पष्टपणे सांगितले आहेत, तर पथ्य म्हणून जवाला मोठे स्थान दिले आहे. ज्या परंपरेच्या नावाने गुळाला मोकळीक दिली जाते, तिनेच तो प्रमेहाच्या कारणांत मोजलेला आहे.

याच वळणाचा, पण अधिक समंजस वाटणारा गैरसमज भाकरीविषयी आहे: भात आणि पोळी सोडून नाचणी-ज्वारी धरली की ती कितीही खावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ज्या देशव्यापी सर्वेक्षणाने २०२३ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला, त्याच सर्वेक्षणातील आहाराचे विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे पिष्ट आणि साखर यांतून येते, आणि एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेतल्यास मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही, असे त्यात आढळले. कर्बोदकांचा थोडा वाटा प्रथिनांना दिल्यास मात्र तो कमी दिसतो. नाचणीत तंतू आणि कॅल्शियम भरपूर असले, तरी तिच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्बोदकेच असतो. म्हणून बदल धान्याच्या नावात नव्हे तर ताटातील वाट्यांत हवा: एक भाकरी कमी, आणि तिच्या जागी वाल, मूग किंवा मटकीची उसळ, अंडे, बोंबील, जवळा, आणि पालेभाजीची मोठी वाटी. तांदळाची भाकरी आणि भात एकाच जेवणात, ही आगरी घरांतील जुनी रीत शेतात व खाडीत दिवसभर राबणाऱ्या शरीरासाठी होती. शेती सिडकोच्या भूसंपादनात गेली, पण रीत तशीच राहिली.

इतर समजही असेच तपासून पाहावेत. कारल्याच्या रसाने औषध बंद करता येते, या समजाला आधार नाही. उपलब्ध चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये घेतलेला आढावा पुरेसा पुरावा नसल्याचेच सांगतो. मेथीतील विद्राव्य तंतू ग्लुकोजचे शोषण मंदावतात हे खरे, पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० च्या गाजलेल्या प्रयोगात दिवसाला १०० ग्रॅम तेलविरहित मेथीपूड वापरली होती, चमचाभर भिजवलेले दाणे नव्हेत. गुळासारखाच निरुपद्रवी मानला जाणारा मध म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोजच. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हे तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने कधीच खोटे ठरवले आहे: भारतीय शरीर सडपातळ दिसत असतानाही त्यात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते.

इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र भाकरी-भात एकाएकी तोडू नये. डॉक्टरांकडून औषधाची मात्रा आधी जुळवून घ्यावी, कारण तीच मात्रा कमी जेवणावर घेतली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. ती दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास तेवढेच पुन्हा द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे.