चार लढती, एक मतदारसंघ

नरेंद्र मेहता हे मीरा-भाईंदरमधील बांधकाम व्यावसायिक आणि भारतीय जनता पक्षाचे नेते. २००९ ते २०२४ या काळात मीरा-भाईंदर मतदारसंघातून विधानसभेच्या चारही निवडणुका त्यांनी याच पक्षाकडून लढवल्या. त्यांपैकी दोन ते हरले आणि दोन जिंकले.

ही वाटचाल कळण्यासाठी आधी शहर पाहावे लागते. मिठागरे, भातशेती आणि कोळीवाड्यांच्या या पट्ट्यात १९८५ मध्ये नगरपरिषद आली आणि २००२ मध्ये महापालिका झाली. लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार होती. दहा वर्षांत ती ८ लाखांपलीकडे गेली. एवढ्या माणसांना घरे हवी होती. त्यामुळे जमीन, बांधकाम परवानगी आणि पाणीपुरवठा हेच इथल्या राजकारणाचे मुख्य विषय ठरले, आणि बांधकामातला माणूस राजकारणात येणे ओघानेच आले.

मेहतांच्या उद्योगसमूहाचे नाव 'सेव्हन इलेव्हन'. मीरा रोडमधील या समूहाच्या क्लबमुळे मेहता विशेष चर्चेत राहिले, कारण कांदळवनाच्या प्रश्नावरून या बांधकामाविरुद्ध तक्रारी झाल्या. राजकारणाची सुरुवात मात्र पालिकेतून झाली. ते नगरसेवक होते आणि पुढे महापौरही झाले. त्यांच्या चिवटपणाचे मूळ इथेच आहे. विधानसभा पाच वर्षांतून एकदा येते, पण गटार, नळजोडणी आणि दाखल्यांसाठी लोक रोज नगरसेवकाच्या दारात येतात.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये मीरा-भाईंदरची पहिली निवडणूक झाली. समोर राष्ट्रवादी काँग्रेसचे गिल्बर्ट मेंडोन्सा होते. नगरपरिषदेच्या काळापासून शहरावर पकड असलेल्या या नेत्याने मेहतांना सुमारे साडेदहा हजार मतांनी हरवले. पाच वर्षांनी त्याच दोघांत लढत झाली आणि मेहता ३२ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्या वर्षी युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, शिवाय मोदी लाट होती. तरीही पालिकेतल्या कामाचा वाटा नाकारता येत नाही. २०१७ च्या पालिका निवडणुकीत भाजपने ९५ पैकी ६१ जागा जिंकल्या आणि मेहतांच्या भावजय डिंपल मेहता महापौर झाल्या.

सत्तेच्या या शिखरावरूनच २०१९ ची घसरण झाली. भाजपच्याच माजी महापौर गीता जैन यांनी बंडखोरी केली आणि अपक्ष म्हणून साडेपंधरा हजार मतांनी त्या विजयी झाल्या. मेहतांना शह बसला तो घरातूनच. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी राजकारणातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ते तिथेच थांबले असते, तर या कारकिर्दीचा विस्तार एका आमदारकीपुरता राहिला असता. पण ते परतले. २०२४ मध्ये पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली. काँग्रेसचे मुझफ्फर हुसेन यांच्यावर त्यांनी ६० हजारांहून अधिक मतांनी मात केली. गीता जैन तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या.

मात्र महापालिकेतले सगळेच मतदार या मतदारसंघात येत नाहीत. चेणे गावाची गोष्ट निराळी आहे. घोडबंदर रस्त्यालगत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले हे गाव मीरा-भाईंदर महापालिकेत मोडते, पण आमदारासाठी त्याचे मत ओवळा-माजिवडा मतदारसंघात पडते. पालिकेत मेहतांच्या पक्षाचा शब्द चालला, तरी चेणेकरांना त्यांना मत देण्याची किंवा नाकारण्याची संधी विधानसभेत मिळत नाही. त्यांचे आमदार प्रताप सरनाईक. तेही बांधकाम क्षेत्रातूनच आले आहेत. एके काळी डोंबिवलीत रिक्षा चालवणाऱ्या सरनाईकांनी पुढे 'विहंग' समूह उभा केला. २००९ पासून ओवळा-माजिवड्यातून ते सलग चार वेळा निवडून आले. पहिल्या तिन्ही वेळी ते अखंड शिवसेनेचे उमेदवार होते. पक्षफुटीनंतर, २०२४ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून लढले. त्या वेळी त्यांचे मताधिक्य १ लाख ८ हजारांवर गेले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते राज्याचे परिवहनमंत्री झाले.